फूल एक, झोपेच्या तऱ्हा अनेक

काही फुलं आपल्या घरात देवपूजेच्या वाटेनं येतात, काही गजऱ्याच्या वाटेनं, तर काही लग्नाच्या रिसेप्शनमधून. कॅला लिली ही या तिसऱ्या वाटेनं आलेली पाहुणी. लांबसडक हिरवा दांडा, त्यावर चण्याच्या पुडीसारखी वळलेली एकच पांढरीशुभ्र पाकळी आणि मधोमध हळदीच्या रंगाची दांडी. बस, एवढाच थाट. पण फुलदाणीत तीन दांडे ठेवले तरी दिवाणखाना कसा सजल्यासारखा वाटतो! आता तर गुलाबी, पिवळी, जांभळी अशी रंगीत कॅलाही नर्सरीत कुंडीसकट मिळते. हौसेनं आपण ती आणतो. दोन-तीन महिने फुलं मिरवतात आणि मग पानं पिवळी पडून माना टाकतात. "गेलं बाई झाड," असं म्हणून आपण कुंडी रिकामी करतो.

मैत्रिणींनो, पुष्कळदा ते झाड गेलेलं नसतं. ते झोपलेलं असतं. ते कधी झोपतं, किती झोपतं आणि कुठे मुळीच झोपत नाही, हे समजलं की कॅला वर्षानुवर्षं आपल्या घरात नांदते. दक्षिण आफ्रिकेच्या सहलीत तिचं माहेर बघायचा योग आला, तेव्हा हे कोडं उलगडलं.

ना लिली, ना कॅला

आधी नावाची गंमत सांगते. कॅला लिली ही लिली नव्हेच. ती आपल्या अळू-सुरणाच्या कुळातली. लिनियस या प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञानं १७५३ साली तिला कॅला या गटात बसवलं, पण पुढे ती त्या गटातलीही नाही असं ठरलं. १८२६ साली श्प्रेंगेल नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं तिला झांटेडेशिया हे नाव दिलं, झांटेडेस्की या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या मानार्थ. इतकं अवघड नाव बाजारात कोण घेणार? म्हणून लोकांच्या तोंडी कॅलाच राहिली. पांढरीच्या शास्त्रीय नावात इथिओपियाचाही उल्लेख आहे, पण तिचा त्या देशाशी संबंध नाही. जुन्या काळी आफ्रिकेच्या दूरच्या भागांना सरसकट तसं म्हणत, एवढंच.

आपण जिला पाकळी म्हणतो, ती खरं तर पान बदलून झालेलं आवरण आहे. खरी फुलं अगदी बारीक, मधल्या पिवळ्या दांडीवर दाटीवाटीनं बसलेली. वर नरफुलं, खाली मादीफुलं. ठाणे-रायगडकडच्या मैत्रिणींना पावसाच्या तोंडावर येणारी शेवळं आठवतील. काकडं घालून भाजी करतो ती. शेवळं आणि कॅला एकमेकींच्या दूरच्या बहिणीच म्हणायच्या. आणखी एक नवल म्हणजे त्या पांढऱ्या आवरणात पांढरा रंगच नसतो! त्याच्या वरच्या पापुद्र्याखाली हवेच्या असंख्य बारीक पोकळ्या असतात, त्यांच्यामुळे ते आपल्याला पांढरं दिसतं.

केप टाऊनचा पावसाळी हिवाळा

आम्ही ऑगस्टमध्ये केप टाऊनला उतरलो. आपल्याकडे तेव्हा श्रावणसरी, आणि तिथे हिवाळ्याचा शेवट. हवा गार, आकाश भरलेलं, मधूनच पावसाची सर. टेबल माउंटन हा सपाट माथ्याचा डोंगर ढगांची चादर ओढून बसला होता. केपचं वैशिष्ट्य हे, की तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो, मुख्यतः मे ते ऑगस्टमध्ये. डिसेंबर ते फेब्रुवारी हा त्यांचा उन्हाळा. तो कडक कोरडा, वर सोसाट्याचा वारा.

शहराबाहेर गाडी निघाली आणि मी काचेला नाकच लावलं. रस्त्याच्या कडेच्या चरांत, शेतांच्या ओलसर कोपऱ्यांत, ओढ्यांच्या काठांवर कॅलाच कॅला! आपल्याकडे पावसाळ्यात गटाराकाठी अळू माजतं, अगदी तशी. ज्या फुलाच्या एका दांड्याला फुलवाला मोजून पैसे घेतो, ते तिथे कुणी न लावता, पाणी न घालता चिखलात उभं होतं. तिथले आफ्रिकान्स बोलणारे लोक तिला चक्क 'डुकराचा कान' म्हणतात! सायाळी तिचे गड्डे उकरून आवडीनं खातात. एक चिमुकला बेडूकही या फुलांत मुक्काम करतो. फुलात असताना तो हस्तिदंती रंगाचा दिसतो आणि फुलांचा हंगाम सरला की तपकिरी होतो.

शहराच्या मध्यभागी ॲडर्ली स्ट्रीटला लागून ट्रॅफल्गर प्लेस नावाची गल्ली आहे. तिथला फुलबाजार शंभराहून अधिक वर्षांचा आणि तो चालवला मुख्यतः बायकांनी. आजीकडून आईकडे, आईकडून लेकीकडे असा तो धंदा आला आहे. डोक्याला रुमाल बांधलेल्या, खणखणीत आवाजाच्या त्या फुलवाल्या बघून मला आपल्या दादरच्या फुलवाल्या आठवल्या. तिथल्या एका आजीबाईंना मी विचारलं, "उन्हाळ्यात या रस्त्याकडेच्या कॅलांचं काय होतं?" त्या हसल्या आणि हाताची उशी करून गालाखाली धरली. झोपतात!

केपमध्ये उन्हाळा लागला, चर आटले, की पानं वाळून जातात आणि कंद जमिनीत पडून राहतो. मे महिन्यात पाऊस आला की पुन्हा कोंब. मात्र जो ओढा बारमाही वाहतो, त्याच्या काठची तीच कॅला वर्षभर हिरवी. थोडक्यात, तिची झोप दिनदर्शिकेवर ठरत नाही, पाण्यावर ठरते.

तोच देश, तोच महिना

तिथून विमानानं आम्ही पूर्व किनाऱ्यावरच्या डर्बनला आलो. हा क्वाझुलू-नाताळ प्रांत. इथे अळूचे कंद 'अमादुंबे' या नावानं बाजारात मांडलेले दिसले. आपल्या अळकुड्याच त्या. इथले भारतीय वंशाचे लोक त्याच पानांना डाळीचं पीठ फासून, वळकट्या करून, उकडून तळतात आणि त्याला 'पाथा' म्हणतात. परदेशात अळूवडी भेटल्यावर कसं वाटलं असेल, ते तुम्हाला सांगायला नको!

डर्बनहून ड्राकेन्सबर्गच्या डोंगरांत गेलो. मनात आलं, आता डोंगरभर कॅला बघायला मिळणार. पण सगळीकडे वाळलेलं, पिवळं-तपकिरी गवत. सकाळी त्यावर हिमाची पांढरी खर. वाटाड्या म्हणाला, "आहेत ना! तुमच्या पायाखाली आहेत." या भागात पाऊस आपल्यासारखा उन्हाळ्यात पडतो आणि हिवाळा कोरडा. म्हणून केपची कॅला ऑगस्टमध्ये डोलत असते, तेव्हा इथली गाढ झोपलेली असते. पानांवर पांढरे ठिपके असलेली एक जात इथल्या डोंगरउतारांवर होते. याच देशाच्या ईशान्येकडच्या गवताळ, खडकाळ उतारांवर गुलाबी जात होते. आज कुंडीत मिळणाऱ्या रंगीत कॅला अशा जातींच्या संकरातून तयार झालेल्या आहेत.

इथेच पांढरी आणि रंगीत यांच्यातला फरक लक्षात घ्यायला हवा. पांढरी पाणथळातली, पाय ओले असले तरी तिची तक्रार नाही. जास्तीचं पाणी ती पानांच्या टोकांतून थेंबाथेंबानं बाहेर टाकते, सकाळी अळूच्या पानाच्या टोकाला थेंब लोंबतो तसा. रंगीत मात्र उतारावरची. वाढीच्या दिवसांत तिला पाणी हवं, पण ते वाहून जाणारं; आणि झोपेच्या दिवसांत पूर्ण कोरड हवी. झोपलेल्या रंगीत कॅलाला पाणी घालणं म्हणजे झोपलेल्या बाळाच्या तोंडात घास कोंबणं. तिचा कंद मऊ पडतो, घाण वास येतो आणि दोन-चार दिवसांत पार लगदा होतो.

वन्संच्या तळघरात

दक्षिण आफ्रिकेतली थंडी सोसवण्यासारखी. पण जिथे जमीनच गोठते तिथे काय करायचं? ते मी वन्संकडे पाहिलं. त्या गेली चाळीस वर्षं न्यू जर्सीत आहेत. आम्ही ऑक्टोबरअखेर त्यांच्याकडे होतो. एका रात्री पहिलं दंव पडलं आणि सकाळी रंगीत कॅलाची पानं काळवंडली. वन्सं शांतपणे खुरपं घेऊन बाहेर गेल्या.

त्यांची पद्धत अशी. पानं मरगळली की कंद अलगद उकरायचे, खुरपं लागू द्यायचं नाही. माती हातानं झटकायची, धुवायचे नाहीत. वाळकी पानं कापून कंद गॅरेजमध्ये वर्तमानपत्रावर आठवडाभर पसरायचे. मग कागदी पिशवीत कोरड्या लाकडी भुशात, एकमेकांना न चिकटतील असे ठेवायचे आणि पिशवी तळघरात. तिथे साधारण १० अंश सेल्सिअस असतं, म्हणजे गोठत नाही आणि कोंबही फुटत नाही. महिन्यातून एकदा पिशवी उघडून चाचपायचं. मऊ लागलेला कंद ताबडतोब बाहेर, नाहीतर तो शेजारच्यालाही नासवतो. एप्रिलमध्ये घरातच कुंडीत लावायचे आणि दंवाची भीती संपली की, मे महिन्याच्या मध्यानंतर, बाहेर.

पांढरी कॅला त्या कुंडीतच ठेवतात आणि हिवाळाभर घरात उजेडाच्या खिडकीशी आणतात. तिथे ती हिरवीच राहते. इंग्लंडात आणखी वेगळी युक्ती करतात. थंडी बेताची असेल तिथे पांढरीचा कंद तळ्याच्या काठी फूटभर पाण्याखाली लावतात. वर बर्फाचा पापुद्रा धरला तरी खालचं पाणी गोठत नाही आणि कंद वाचतो.

पिशव्यांवर नावं घालता घालता वन्सं म्हणाल्या, "वहिनी, हे बटाटे नाहीत हं, नाहीतर भाजीला घ्याल!" आणि मग जरा थांबून म्हणाल्या, "लग्न करून इथे आले ना, तेव्हा पहिल्या हिवाळ्यात एकेका झाडाचे खराटे झालेले बघून मला रडू यायचं. वाटायचं, इथलं सगळं मेलंय आणि मीच एकटी जिवंत आहे. मे महिन्यात पालवी फुटली तेव्हा कळलं, की कुणी मेलं नव्हतं. सगळे थांबले होते. तेव्हापासून मी इथे रुळले बघा."

बागकामाच्या कुठल्या पुस्तकात हे वाक्य मिळालं असतं?

उटीचे ओढे

आपल्या देशात कॅला मनसोक्त बघायची तर निलगिरीत जावं. उटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर. तिथे नैर्ऋत्य मोसमी पाऊस पडतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचाही. त्यामुळे ओढे आणि दलदली बराच काळ ओल्या राहतात. डिसेंबर-जानेवारीत काही रात्री तिथल्या खोलगट भागात दंव गोठतं, तरी ओढ्याकाठची कॅला तग धरून राहते. केपच्या बारमाही ओढ्याकाठची गोष्टच इथे पुन्हा दिसते. पाणी आहे, म्हणून झोप नाही.

पण या सुंदर दृश्याला दुसरी बाजू आहे. ही कॅला निलगिरीची नव्हे. बागेसाठी आणलेलं झाड बागेबाहेर पडलं आणि दलदलीत पसरलं. तिथल्या मूळच्या पाणवनस्पतींची जागा ते बळकावतं. पश्चिम ऑस्ट्रेलियात तर कॅला कायद्यानं उपद्रवी वनस्पती ठरवली आहे. कुरणात ती माजते, आणि गुरांनी खाल्ली तर त्यांना विषबाधा होते. म्हणून ज्या मैत्रिणींचं घर थंड हवेच्या ठिकाणी आहे, त्यांनी एवढं जरूर पाळावं. जादा झालेले कंद ओढ्यात किंवा नाल्याकाठी टाकू नयेत. मैत्रिणीला द्यावेत.

आपल्या कुंडीत

आता आपलं घर. आपल्याकडे थंडीपासून जपायचं कारण नाही, जपायचं ते उन्हाळ्यापासून. कॅलाला १५ ते २५ अंशांची हवा मानवते. ती आपल्याला हिवाळ्यात मिळते. म्हणून वन्संचं वेळापत्रक आपण उलटं करायचं आणि ते आपल्या सणांवर बसवायचं, म्हणजे लक्षात राहतं.

*दसऱ्याला लावणी.* पोयटा माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि वाळू सारख्या भागात घ्यावी. रंगीतचा कंद चपटा असतो. ज्या बाजूला डोळे असतात ती बाजू वर करून दोन इंच खोल लावावा. एका कंदाला सहा इंची कुंडी पुरते. पांढरीचा गड्डा तीन इंच खोल आणि कुंडी दहा-बारा इंची हवी. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली अशी जागा उत्तम.

*पाणी.* कोंब दिसेपर्यंत अगदी बेतानं. नंतर रंगीतला वरची बोटभर माती सुकली की मगच पाणी द्यावं आणि कुंडीखाली ताटली ठेवू नये. पांढरीला माती सतत ओली चालते. तिच्याखाली पाण्याची ताटली ठेवली तरी हरकत नाही.

*संक्रांतीच्या सुमारास फुलं.* रंगीतला लावणीपासून साधारण दोन ते तीन महिन्यांत फूल येतं. फुलदाणीत ठेवायचं तर दांडा कापण्याऐवजी बुडाशी धरून हलकेच पिळून ओढून काढावा. पाण्यात दांड्याचं टोक चिरून वळतं. तिथे बारीक रबरबँड गुंडाळावा. फुलदाणीत पाणी दोन-तीन इंचच ठेवावं आणि रोज बदलावं.

*होळीनंतर निरोप.* पानं पिवळी पडू लागली की पाणी कमी करत बंद करावं. हिरवं पान मात्र तोडू नये. कंद पुढच्या वर्षीची शिदोरी त्या पानातूनच भरून घेत असतो.

*अक्षय्य तृतीयेच्या सुमारास कंद काढावेत.* रंगीतचे कंद सावलीत आठवडाभर सुकवून कोरड्या वाळूत किंवा भुशात, बांबूच्या टोपलीत किंवा कागदी पिशवीत ठेवावेत. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत घाम धरतो. घरातली सगळ्यांत गार खोली निवडावी, पण माठाच्या ओलीपासून लांब. पावसाळाभरही ते कोरडेच राहू द्यावेत. पांढरीचा गड्डा कुंडीतच सावलीत ठेवला तरी चालतो. पाऊस पडून हवा गार झाल्यावर तिनं आपणहून कोंब काढला, तर तिला उठू द्यावं.

पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर इथल्या मैत्रिणींना हे सहज जमावं. विदर्भात हिवाळा चांगला असतो, पण उन्हाळा जाळणारा. तिथे कंद मार्चअखेरच काढून घरात घ्यावेत. मुंबई आणि कोकणपट्टीत हवा दमट आणि उबदार, म्हणून तिथे कॅलाला चार दिवसांची पाहुणी समजावं. तिथे हौस भागवायला मे फ्लॉवर आहे ना! तीही मूळची आफ्रिकेची, तीही हिवाळ्यात झोपते आणि उन्हाळ्याच्या अखेरीस लाल चेंडूसारखं फूल घेऊन उठते.

अळूशी गल्लत नको

एक गोष्ट मात्र गाठीला बांधून ठेवा. कॅलाचं पान अळूसारखं दिसतं, पण कॅला खायची नाही. तिच्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. कच्चं चावलं तर तोंडाची आग होते आणि घसा सुजतो. ओळखायची खूण सोपी आहे. अळूचा देठ पानाच्या मागच्या बाजूला, कडेपासून जरा आत जोडलेला असतो. कॅलाचा देठ पानाच्या खाचेतच, अगदी कडेला जोडलेला असतो. तरीही अळूच्या वाफ्याशेजारी कॅला लावूच नये. लहान मुलं आणि मांजरं यांच्यापासून कुंडी लांब ठेवावी आणि कंद हाताळल्यावर हात साबणानं धुवावेत.

आपल्या घरांत रिकामं बसलेलं कुणी फारसं खपत नाही. दुपारी घटकाभर आडवी झालेली बाईसुद्धा कुणाची चाहूल लागली की उठून बसते, मग कुंडीतल्या झाडाची काय कथा! फूल देत नाही, पान दिसत नाही, नुसती माती भरलेली कुंडी जागा अडवते, असं घरातल्या कुणाच्या तरी मनात येतंच. आणि एखाद्या रविवारी सफाईच्या उत्साहात ती रिकामी होते. म्हणून शेवटची सूचना अगदी साधी आहे. कुंडीवर किंवा पिशवीवर एक चिठ्ठी चिकटवा. तीवर तारीख घाला आणि ठळक अक्षरांत लिहा: "झोपली आहे. दसऱ्याला उठवायची आहे. टाकू नये."